जगण्याची नोंद कुठल्या गावात?

(हिंगोली इथल्या एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



स्मृतिव्याख्यानाची एक ठरलेली वाट असते. ज्यांच्या नावाने व्याख्यान आहे त्यांना सुरुवातीला वंदन करायचं आणि मग शेती, साहित्य, राजकारण यांपैकी एखादा विषय घ्यायचा. आज मी स्मरण हाच विषय घेतला आहे. आपल्या जिल्ह्यातली जी माणसं अलीकडच्या वर्षांत गेली त्यांना आपण कसं आठवतो, कुणाला सगळ्यांनी मिळून आठवतो आणि कुणाची आठवण त्यांच्या घरच्यांवर टाकून मोकळे होतो, याबद्दल मला बोलायचं आहे.

4 एप्रिल 2025, शुक्रवार. वसमत तालुक्यातल्या गुंज गावातून शेतमजूर बाया सकाळी कामावर निघाल्या. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या आलेगावच्या शिवारात त्यांचा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत गेला. सात जणी गेल्या. तिघांना वर काढता आलं. पंतप्रधानांनी प्रत्येक मृताच्या वारसांना 2 लाख आणि मुख्यमंत्र्यांनी 5 लाख रुपयांची मदत जाहीर केली. दुसऱ्या दिवशीच्या पेपरांत सगळ्यांची नावं आली, पुढे कंसात वय आलं. तुमच्यापैकी अनेकांनी ती यादी वाचली असेल.

त्या सात जणींची नावं मी या व्यासपीठावरून घेणार नाही. ती उच्चारण्याचा पहिला हक्क गुंजचा आणि त्यांच्या लेकरांचा आहे. व्याख्यान रंगवायला कुणाच्या आईचं नाव वापरू नये, असं मी मानतो. पण ती यादी वाचताना मला जे खुपलं ते सांगायलाच हवं. यादीत प्रत्येकीचं नाव होतं, मधे नवऱ्याचं नाही तर वडिलांचं नाव, मग आडनाव, मग वय. ती मूळची कुठल्या गावची, तिला काय येत होतं, गल्लीत तिला कशासाठी बोलावत, यातलं काही नव्हतं. बातमीत ते असायचंच नाही, हे मला कळतं. बातमीदाराला घटना द्यायची असते आणि ती त्याने दिली. मग बाकीचं कुठे असायचं?

सरकारी कागदांत तरी असेल, म्हणून तिकडे पाहू. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 सालचा आहे. मृत्यू ज्या हद्दीत घडला त्या हद्दीच्या निबंधकाकडे 21 दिवसांत तो नोंदवायचा, असा त्याचा नियम. खेड्यात हे काम ग्रामसेवकाकडे असतं. नियम चांगला आहे आणि त्याला कारणही आहे, साथ कुठे आली, कशाने माणसं गेली, हे कळायला मृत्यूचं ठिकाण लागतंच. पण या नियमाचा आपल्या जिल्ह्यावर काय परिणाम होतो ते बघा. गुंजच्या बाया आलेगावच्या शिवारात गेल्या, म्हणजे नोंद त्या हद्दीतली. आपला माणूस अत्यवस्थ झाला की आपण त्याला नांदेडला नेतो, तिथून संभाजीनगरला घाटी रुग्णालयात किंवा थेट पुण्या-मुंबईला. ऊसतोडीला गेलेला मजूर फडावर जातो. पुण्याच्या कारखान्यात कामाला गेलेला पोरगा तिकडच्या रस्त्यावर जातो. 1 मे 1999 ला परभणीतून निघालेला हा जिल्हा, पाच तालुक्यांचा. 2011 च्या जनगणनेत इथे 11,77,345 माणसं मोजली गेली. त्यांतल्या कितीतरी जणांचा शेवट दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या जिल्ह्याच्या वहीत लिहिला जातो आणि आपल्या गावच्या वहीत त्यांचं पान नसतं.

तेव्हा मरण जिथे घडलं तिथे ते नोंदलं जातं. जगणं मात्र इथे घडलेलं असतं, या गल्लीत, या शिवारात, याच आडाच्या आणि हापशाच्या अवतीभवती. त्याची नोंद करणारं दुसरं कुणी नाही. ती आपणच करायची आहे आणि आपण ती करत नाही, एवढंच आज मला सांगायचं आहे.

ज्याच्याकडे जमीन आहे त्याचं नाव निदान सातबाऱ्यावर असतं. तो गेला की तलाठ्याकडे वारसांचा फेरफार होतो, त्याचं नाव कमी होतं, मुलांची चढतात. शंभर वर्षांनी कुणी जुने फेरफार उलगडले तर हा माणूस होता, एवढं तरी कळेल. भूमिहीन बाईच्या जाण्याने कुठलाच फेरफार होत नाही. शेतात अपघाती मरण आलं तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून शेतकऱ्याच्या कुटुंबाला 2 लाखांचं अनुदान मिळतं, पण त्यासाठी माणूस खातेदार हवा किंवा खातेदाराच्या घरातला एक सदस्य हवा. त्याच शेतात, त्याच विहिरीपाशी, रोजाने आलेली बाई त्यात बसत नाही. गुंजच्या कुटुंबांसाठी जाहीर झालेली मदत या योजनेपेक्षा वेगळी होती. शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतरही आधी कागद फिरतात आणि मग प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरतं. मदतीसाठी काहीतरी निकष लागणार, त्यावर माझा राग नाही. पण एखाद्या माणसाबद्दल कागदावर उरलेला शेवटचा शब्द ‘अपात्र’ असावा आणि तो पुसायला गावाकडे दुसरा एकही कागद असू नये, हे मला सहन होत नाही.

आता कुणी म्हणेल, गाव कागदावर कधीच चाललं नाही, गाव तोंडी आठवतं. खरं आहे. आणि गावाची ही तोंडी रीत किती खोल आहे हे मला सांगायचंच आहे.

आपल्याकडे मयत झाली की बाया हेल काढून रडतात. शहरातून आलेल्या पाहुण्याला ते अवघड वाटतं. कान देऊन ऐकलं तर त्या रडण्यात गेलेल्या बाईचा सगळा जन्म असतो. कुणाच्या बाळंतपणाला ती रात्रीची धावली, दुष्काळात कुणाच्या घरी पीठ देऊन आली, सासूने काय भोगायला लावलं, भावाने कधी चोळी नेली आणि कधी नेली नाही. रडणारी थेट गेलेलीशीच बोलत असते, त्यामुळे खोटं बोलत नाही. रागही काढते. ‘मला न सांगता कशी गेलीस’ असं भांडते. गेलेल्या बाईबद्दलचं सगळ्यात खरं बोलणं गावात त्या दोन-तीन तासांत होतं. मग प्रेत उचलतात, बाया घरात परततात आणि ते बोलणं तिथेच संपतं.

दहाव्याचं बघा. नदीकाठी पिंड ठेवतात आणि कावळ्याची वाट बघतात. कावळा येईना की माणसं अस्वस्थ होतात आणि अंदाज करू लागतात, हिचा जीव कशात अडकला असेल? एक जण म्हणतो, धाकटीचं लग्न राहिलं. धाकटीचा मामा पुढे येऊन सांगतो, मी करीन. तरी कावळा शिवत नाही. कुणी म्हणतं, बहिणीशी अबोला होता. बहीण हात जोडते. कुणी म्हणतं, सावकाराचं देणं. कुणी म्हणतं, तिला पंढरीला जायचं होतं. ज्यांची यावर श्रद्धा आहे त्यांच्यासाठी तो विधी आहे आणि ज्यांची नाही त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही. मला तिथे दिसतं ते असं की वीस-पंचवीस माणसं एका बाईच्या आयुष्याचा कसून विचार करताहेत. तिला काय हवं होतं? एरवी तिच्या हयातीत हा प्रश्न तिला कुणी विचारलेला नसतो. बौद्ध कुटुंबांत पुण्यानुमोदनाला माणसं एकेक करून उभी राहतात आणि आठवण सांगतात, तीही याच जातीची गोष्ट. दोन्हीकडे चरित्राचा ऐवज उघड्यावर येतो. दोन्हीकडे तो कुणी टिपून ठेवत नाही.

दगडात कोरण्याची रीतही आपल्याकडे आहे. मराठवाड्यातल्या किती गावांत मारुतीच्या पाराशी किंवा वेशीजवळ वीरगळ पडलेले आहेत. खालच्या पट्टीत लढाई असते, कधी गाई पळवणाऱ्यांशी झालेली झुंज. मधल्या पट्टीत अप्सरा त्या वीराला वर नेतात. वरच्या पट्टीत तो शिवलिंगापुढे बसलेला, माथ्यावर कळस. गावाची गुरं राखताना मेलेल्या माणसाला गावाने दगड दिला, ही मोठी गोष्ट आहे. त्याच्याच शेजारी कधी सतीशिळा असते. तिच्यावर काय असतं? कोपरात काटकोनात वळलेला बाईचा एक हात, त्यात बांगड्या. हाताला चेहरा नाही. ती कशी मेली आणि कुणामागे मेली, एवढंच दगड सांगतो. ती जगली कशी, हे दगडाला ठाऊक नाही. काळ बदलला, ती क्रूर चाल गेली. पण पेपरातली ती यादी वाचताना मला तो हात आठवला.

मंडळी, या बाबतीत आपल्याला दूर जायची गरज नाही. कयाधूच्या काठचं नरसी आपल्या जिल्ह्यात आहे. नामदेवांचा जन्म नरसीचा की पंढरपूरचा, यावर अभ्यासक वाद घालतात. परंपरेने ते नरसीचे आणि जन्मसाल 1270. औंढ्याला त्यांना विसोबा खेचर गुरू भेटले, ही कथा इथलं लहान मूलही सांगेल. पंजाबातल्या घुमानपर्यंत ते गेले, गुरु ग्रंथ साहिबात त्यांची 61 पदं आहेत, 2015 साली त्या घुमानला मराठी साहित्य संमेलन भरलं. हे सगळं आपण अभिमानाने सांगतो. नामदेवांचं आणखी एक काम मात्र आपल्या भाषणांत फारसं येत नाही. गेलेल्या माणसांविषयी मराठीत इतक्या आस्थेने आणि इतक्या बारकाईने बोलणारा त्यांच्या आधीचा कवी मला माहीत नाही.

1296 साली ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली. त्या प्रसंगाचे नामदेवांच्या नावावरचे अभंग गाथेत आहेत. त्यांत ज्ञानेश्वरांच्या मोठेपणाचा घोष आहेच, पण मला थांबवतात ते लहान तपशील. समाधीची जागा कुणी झाडली हे तिथे आहे. परंपरा सांगते, नामदेवांच्या मुलांनी. निवृत्तिनाथांसारखा धीराचा माणूस कसा कोसळला ते आहे. भावंडं एकमेकांकडे कशी बघत होती ते आहे. त्यानंतर सोपानदेव सासवडला, मुक्ताबाई तापीकाठी, निवृत्तिनाथ त्र्यंबकला, आणि या सगळ्यांच्या जाण्याची कथा मराठी माणसाला नामदेवांच्या गाथेतून मिळाली. एका घरातली चार भावंडं थोड्या काळात गेली आणि त्यांच्या मित्राने एकालाही विनानोंद जाऊ दिलं नाही.

आणि चोखोबा. 1338 साली मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीचं काम चाललं होतं. त्या कामावर महारांना जुंपलं होतं, त्यांत चोखोबा होते. भिंत कोसळली, माणसं खाली गाडली गेली. कामावर गेलेल्या गरिबांचा अपघाती मृत्यू, सात शतकांपूर्वीचा. परंपरा सांगते की बातमी कळल्यावर नामदेव मंगळवेढ्याला गेले. ढिगाऱ्यात हाडं सगळी एकत्र झाली होती. त्यांनी एकेक हाड उचलून कानाला लावलं आणि ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून वेगळी केली. ती पंढरपूरला आणून महाद्वारासमोर समाधी बांधली. पुढे नामदेवांची पायरीही त्याच महाद्वारात झाली.

ही कथा आपण भक्तीची म्हणून ऐकतो. मला ती ओळख पटवण्याची कथा वाटते. मरण मंगळवेढ्याला घडलं. चोखोबांचं जगणं, त्यांचं गाणं, त्यांची सगळी ओढ पंढरपूरची होती. नामदेवांनी त्यांना जिथे मेले तिथे राहू दिलं नाही, जिथले होते तिथे आणलं. ज्या देवळाच्या आत जिवंतपणी पाऊल टाकता आलं नाही, त्याच्या दारासमोर आणलं. आणि ओळख कशावरून पटवली? जातीवरून नाही, वयावरून नाही, कपाळावरच्या जखमेवरून नाही. जन्मभर तोंडी जे होतं त्यावरून. माणूस काय करत होता, कशात रमत होता, हीच त्याची खूण.

मला या कथेत एक दुखरी जागाही दिसते आणि ती लपवून पुढे जाणं बरं नाही. त्या भिंतीखाली चोखोबा एकटे नव्हते. त्यांच्याबरोबर गाडले गेलेले बाकीचे कोण होते? परंपरेने त्यांतल्या एकाचंही नाव आपल्यापर्यंत पोचवलेलं नाही. चोखोबांकडे अभंग होते. त्यांच्या घरात सोयराबाई होत्या, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, सगळे रचना करणारे. आणि नामदेवांसारखा मित्र होता. बाकीच्यांची हाडं कुणी ऐकली नाहीत. आपल्या काळात आपल्याला ऐकायची आहेत ती हीच हाडं.

हे काम फार उशिराही होतं, याचं एक उदाहरण परदेशातलं आहे. 25 मार्च 1911 ला न्यूयॉर्कमध्ये ट्रायँगल नावाच्या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. 146 कामगार गेले, त्यांत 123 बाया, बहुतेक परदेशातून पोटासाठी आलेल्या तरुण मुली. सहा जणांची ओळख पटली नाही, त्यांना निनावी पुरलं. एका संशोधकाने जुनी वर्तमानपत्रं आणि दफनाच्या नोंदी धुंडाळून त्या सहाही जणांची नावं लावली, तेव्हा 2011 साल उजाडलं होतं. 2004 पासून तिथे आणखी एक प्रथा आहे. दर वर्षी 25 मार्चला माणसं खडू घेऊन निघतात आणि गेलेला प्रत्येक कामगार जिथे राहत होता त्या घरासमोरच्या फरसबंदीवर त्याचं नाव आणि वय लिहितात. कारखान्यासमोर लिहीत नाहीत, घरासमोर लिहितात. पावसाने ते पुसतं, पुढच्या वर्षी पुन्हा लिहितात. त्या मुलींच्या मरणानंतर अमेरिकेत कारखान्यांतल्या सुरक्षेचे कायदे कडक झाले, त्याचं श्रेय त्यांना नेहमी देतात. तरीही खडू घेऊन घरासमोर जाणाऱ्यांना वाटलं की कायद्याचं कारण ठरणं म्हणजे आठवलं जाणं नव्हे. मला हे फार मोलाचं वाटतं. आपल्याकडेही विहिरींना कठडे हवेत, ट्रॉलीतून माणसं नेणं थांबायला हवं, मजूर बायांना विमा हवा. यासाठी भांडलंच पाहिजे. फक्त त्या भांडणात त्या सात जणी एक आकडा होऊन राहू नयेत.

मोठ्या माणसांच्या बाबतीत आपण हे नीट करतो. राजीव सातव यांचं उदाहरण घ्या. कळमनुरी तालुक्यातल्या मसोडचं घराणं, 2009 ला कळमनुरीचे आमदार, 2014 ला हिंगोलीचे खासदार आणि तेही अवघ्या 1,632 मतांनी, पुढे राज्यसभा. 16 मे 2021 ला पुण्यात त्यांचं निधन झालं, वय 46. कोरोनाची दुसरी लाट होती. दुसऱ्या दिवशी कळमनुरीत अंत्यसंस्कार झाले. आपल्या जिल्ह्याचा उमदा माणूस गेला, त्याचं दुःख अजून ओलं आहे. त्यांच्यासाठी राज्यसभेत श्रद्धांजली वाहिली गेली. संसदेची ही रीत मला आवडते. सदस्य गेला की सभापती उभे राहून चार-पाच वाक्यांत त्याचा जन्म, शिक्षण, काम सांगतात, सभागृह उभं राहून मौन पाळतं आणि ते सगळं कामकाजात कायमचं नोंदलं जातं. त्याच मे महिन्यात आपल्या गावागावांतून किती माणसं गेली! मोजक्या माणसांत अंत्यविधी उरकले. बाया हेल काढून रडू शकल्या नाहीत, दहाव्याला नदीवर माणसं जमू शकली नाहीत. लिहिण्याची रीत आपल्याकडे नव्हतीच, बोलण्याची होती तीही त्या वर्षी मोडली. त्या वर्षी गेलेल्यांचं देणं आपल्यावर दुहेरी आहे.

तर मग काय करायचं? गुंजसारख्या गावात एक वही ठेवावी. गावातून जो जाईल, कुठेही जावो, त्याचं एक पान. बस एवढंच.

पण त्या पानावर काय यावं, याबद्दल माझी मतं ठाम आहेत. चौकात फ्लेक्स लागतो तेव्हा त्यावर ‘कष्टाळू, प्रेमळ, मनमिळाऊ’ हे तीन शब्द असतातच. ते खोटे नसतात, पण त्यांवरून एक माणूस दुसऱ्यापासून वेगळा ओळखता येत नाही. बाईचं पान तिच्या माहेरच्या गावापासून सुरू व्हावं. लग्नाआधीचं नाव काय होतं, सासरी बदललं का, ते यावं. महाराष्ट्र सरकारने 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत वडिलांच्या आधी आईचं नाव लावणं बंधनकारक केलं. त्या आधी जन्मलेल्या आपल्या सगळ्या माय-आजींसाठी हे काम वहीने करावं.

मग तिचं काम यावं आणि ते बारकाईने यावं. ‘शेतमजूर’ या एका शब्दाने काही कळत नाही. आपल्याकडच्या हळदीचं बघा. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्याला केवढा आनंद झाला. तिच्या रंगाचं, कुरकुमिनचं, इथल्या काळ्या मातीचं कौतुक झालं. पण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये शिवारात जाऊन बघा काय चालतं. पाला कापून झालेला असतो, कुदळीने किंवा ट्रॅक्टरने कंद वर आलेले असतात. बाया ओळीने बसतात. कंद हातात घेऊन माती झटकतात, मुळ्या काढतात, हळकुंडं मोडून एकीकडे टाकतात आणि मधला जेठा गड्डा बेण्यासाठी वेगळा ठेवतात. कंदकुजीने आतून नासलेला कंद वरून चांगला दिसतो. मुरलेली बाई तो नुसत्या बोटांच्या दाबाने ओळखते आणि बाजूला फेकते. असा एक कंद बेण्यात गेला तर पुढच्या वर्षी शेतकऱ्याचं नुकसान होतं. हे ज्ञान तिला कुणी शिकवलं? तिच्याकडून कुणी शिकलं? गुत्त्याचा भाव ठरवताना मुकादमाशी बोलायला टोळी कुणाला पुढे करायची? नखांतला तो पिवळा रंग कित्येक आठवडे जात नाही. हे पानावर आलं तर उद्या हळदीचा इतिहास लिहिणाऱ्याला कळेल की या मानांकनामागे कुणाची बोटं होती.

अशी कामं याआधी झालेली आहेत. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी 1980 च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून अधिक. त्या नुसत्या ‘लोकगीतं’ म्हणून ठेवल्या नाहीत. गाणारीचं नाव आणि गाव लिहून ठेवलं. त्यामुळे आज एखादी ओवी ऐकताना ती कुणी गायली हे सांगता येतं. आपली गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी दळण-कांडण करत होती हे आपल्याला का माहीत आहे? तिने तिच्या कामाविषयी स्वतः सांगितलं आणि ऐकणाऱ्यांनी ते जपलं, म्हणून.

तिसरी गोष्ट, भांडण यावं. गेलेल्याविषयी वाईट बोलू नये ही आपली शिकवण चांगली आहे, पण तिच्या पायी आपण माणसाला बिनचेहऱ्याचं करतो. सरपंचाशी नळासाठी भांडलेली बाई ‘मनमिळाऊ’ म्हणून लिहिली तर तिच्यावर अन्याय होतो. नवऱ्याची दारू सोडवायला तिने काय केलं, ते तिच्या मुलीला सांगावंसं वाटलं तर यावं.

आणि मरणाचं काय? ते पानाच्या शेवटी दोन ओळींत यावं. तारीख आणि ठिकाण. मदतीच्या रकमेचा उल्लेखही तिथे नको. एका सकाळची गोष्ट आधीच्या सगळ्या वर्षांच्या डोक्यावर बसायला नको.

विचारणार कोण? आपल्या तालुक्यांतल्या महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरं हिवाळ्यात गावात सात दिवस असतात. मुलं रस्ते झाडतात, शोषखड्डे खणतात. त्यांतली एक दुपार त्यांनी या कामाला द्यावी. शिकलेल्या लेकी गावात आहेत, अंगणवाडीच्या ताई आहेत, आशाताई आहेत. कुणाच्या घरी काय झालं ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. आणि हे लवकर करायला हवं. त्या ट्रॉलीतून ज्यांच्याबरोबर त्या रोज जात होत्या त्या सोबतिणी आज गावात आहेत. बाईचं कामातलं आयुष्य नवऱ्यापेक्षा, मुलापेक्षा जास्त तिच्या टोळीतल्या बायांना माहीत असतं. बांधावर भाकर सोडल्यावर जे बोलणं होतं ते घरात होत नाही. त्या सोबतिणी म्हाताऱ्या व्हायच्या आत त्यांना विचारलं पाहिजे.

वाचायचं कधी? ग्रामपंचायतीला वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. 1 मेची ग्रामसभा त्यासाठी धरावी. तो महाराष्ट्राचा आणि आपल्या जिल्ह्याचाही स्थापनेचा दिवस. ग्रामसभेच्या सुरुवातीला शोकप्रस्ताव मांडायची पद्धत अनेक गावांत आहेच. दोन मिनिटं मौन होतं आणि लगेच पाणीपट्टीचा विषय निघतो. त्या मौनाआधी वर्षभरात गेलेल्यांची पानं मोठ्याने वाचावीत. श्रीमंताचं आणि मजुराचं पान सारख्याच लांबीचं असावं, क्रम गेलेल्या तारखेचा असावा. वाचून झालं की ती पानं त्या दिवशीच्या इतिवृत्ताला जोडावीत, म्हणजे संसदेत खासदाराचं जे होतं ते गावात सगळ्यांचं होईल.

ग्रामसभेच्या आधी बायांची सभा घ्यायचा नियम आहे. बायांची पानं आधी तिथे वाचावीत. जिच्याविषयी लिहिलं तिच्या लेकी, सुना, बहिणी, सोबतिणी तिथे मोकळेपणी बोलतील. ‘हे असं नव्हतं,’ म्हणतील, त्यांना दुरुस्त करू द्यावं. ‘हे नका लिहू,’ म्हणतील, तर ते खोडावं, कारण विचारू नये. जे राहून गेलं असेल ते त्या सांगतील, त्यासाठी पानाच्या खाली मोकळी जागा सोडावी. आणि घरच्यांनी होय म्हटल्याशिवाय एकही पान पक्क्या वहीत उतरवू नये.